उत्तरेचं बाळसं

१३ जानेवारी २०१९, रविवार

आज कणगीचा तळ लागला. आई आत वाकली, केरसुणीनं कोपरे खरवडले. मूठभर मका, बाकी फोलपटं आणि उंदरांच्या लेंड्या. मूठ घेऊन ती अंगणात कोंबड्यांना टाकायला गेली. मग तशीच उभी राहिली. कोंबड्या आम्ही नाताळाआधीच विकल्या. खुराडं होतं तिथं पक्क्या घराचा पाया घ्यायचा आहे.

गेल्या मे महिन्यात शेतात मक्याऐवजी चपटे मटार लागले. एवारिस्तोचा हट्ट. माझा धाकटा भाऊ, उत्तरेत लोकांच्या घरांवर छपरं घालतो. फोनवर म्हणाला होता, "एवढ्याशा तुकड्यात मका करून आजवर कुणाचं भलं झालंय? मटारवाल्या मुकादमाला द्या, खंड घ्या. मका काय, दुकानात मिळतो." मिळतो. पिवळा, पोत्यातला. आई म्हणते, त्याला पुठ्ठ्याचा वास येतो. मक्याच्या ताटांवर घेवडा चढायचा, खाली भोपळा पसरायचा. मक्याबरोबर तेही गेले. हे कुणी बोललं नव्हतं. मीही नाही.

रविवार, म्हणून फोन आला. त्याच्या बायकोनं, ओदिलियानं, मिंगाला फोनसमोर धरलं. पोर आता दोन वर्षांची होईल, पूर्ण नावानं तिला अजून कुणी हाक मारलेली नाही. बापाला तिनं काचेतच पाहिलंय.

"ही म्हातारी कोण?" तो म्हणाला. "गाल कुठं गेले हिचे? खायला घालत नाही का गं?"

"तुम्ही पाठवता तेच खाते."

"अगं, मी डॉलर पाठवतो!"

"मग डॉलरच खाते."

हसले दोघं. मीही. आई हसली नाही.

२२ जानेवारी, मंगळवार

ओदिलिया शेडमध्ये लागली. मटारच्या शेंगा निवडायच्या — सरळ एका पेटीत, वाकड्या दुसऱ्या. सरळ परदेशी जातात. वाकड्याही आपल्याला मिळत नाहीत, त्या गुरांना जातात. उजाडायच्या आत पिकअप येतो, बायका मागं उभ्या राहून जातात.

मिंगाचं दूध तोडलं. स्तनाला कडू पाला चोळला. पोर तोंड लावायची, थुंकायची, रडायची, परत लावायची. मग एक दिवस लावेनाशी झाली. नुसती बघत बसली.

"दोन वर्षांची घोडी," ओदिलिया म्हणाली. "किती दिवस लोंबणार?" म्हणाली, पण पोलक्याच्या पुढं ओल आली होती ती झाकत होती.

एवारिस्तोचे पैसे आजवर त्याला सीमेपार नेणाऱ्याच्या कर्जात गेले. ते डिसेंबरात फिटलं. आता सिमेंट. ओदिलियाचे पैसे दुकानात जातात, मका, साखर, साबण. माझा पगार दर वर्षी नव्यानं मंजूर होतो, शाळा जानेवारीत सुरू होते आणि पैसे एप्रिलमध्ये. तोवर मीही ओदिलियाच्याच मक्यावर.

मिंगा दिवसभर आईजवळ. आई कंबरेला माग बांधून खांबाशी विणत बसते, पोर तिच्या पायाशी. भूक लागली की साखरेची कॉफी, त्यात पाव बुडवून. दुपारी कॉर्नफ्लोअरची पेज. संध्याकाळी ओदिलिया येते ती हातात चिप्सचं पाकीट घेऊन. पोर तिला नाही, पाकिटाला धावते.

३० जानेवारी, बुधवार

मधल्या सुट्टीत पाहिलं. सेबेरियानाच्या डब्यात पानात गुंडाळलेला घेवड्याचा उंडा. तिच्या बापाला कुणी उत्तरेत नेलं नाही, मुकादमाला द्यायला सपाट जमीन नाही. डोंगराच्या उतारावर मका करतो. ती उंडा बाकाखाली लपवून खाते. आज शेजारची म्हणाली, "दे, मी पाकीट देते." अदलाबदल झाली. सेबेरियाना पाकीट सगळ्यांना दिसेल असं वर धरून खात होती. उंडा घेतलेली भिंतीकडे तोंड करून.

"बाई, मला पण एखादा काका पाहिजे उत्तरेत," सेबेरियाना म्हणाली.

"कशाला गं?"

"असंच."

मी घंटा वाजवली.

३ फेब्रुवारी, रविवार

विटांचा ट्रक आला. एवारिस्तोनं फोनवर रिकामं अंगण बघितलं, मग विटा बघितल्या, मग परत विटा. मिंगा झोपली होती. "झोपू दे," म्हणाला. "विटा दाखव अजून."

१४ फेब्रुवारी, गुरुवार

आई शेताकडे गेली होती. पूर्वी पेरणीनंतर मक्याच्या ओळींत आपसूक माठ यायचा, कामोणी यायची. कुणी लावत नव्हतं. ओच्यात खुडून आणायची आणि तिखट पाणी घालून शिजवायची. आज रिकामी परत आली. ओळींत काही नाही. गवताची काडी नाही. औषध मारलंय.

मुकादम गेराल्दो तिथंच होता. आईला बघून टोपी काढली म्हणे, वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं 'नान' म्हणाला. "नान मार्सेलिना, बघा तुमचं शेत! आरशासारखं ठेवलंय."

आई म्हणाली, "आरसा शिजवतात कसा, ते पण सांग."

तो खूप हसला. घरी येऊन तिनं मला हे सांगितलं, तेव्हा ती हसत नव्हती. रात्री मीठ-मिरचीबरोबर भाकरी. मिंगानं भाकरी चोखली आणि टाकून दिली.

२४ फेब्रुवारी, रविवार

मिंगा भरली!

आठवड्याभरात. गाल वर आले, पापण्या जड, पायांना वळ्या. ओदिलिया तिला बाजारात घेऊन गेली, तर बायका थांबून थांबून गाल ओढत होत्या. शेजारची क्रेसेन्सिया कुंपणावरून ओरडली, "अगं, केस बघ हिचे! तांबूस! बाप तिकडे गेला, पोरीनं केससुद्धा तिकडचे आणले!"

खरंच तांबूस झालेत. टोकांना मक्याच्या केसरासारखे.

"गोरीण झाली माझी," ओदिलिया म्हणाली. लाजली, पण अंगणभर मिरवली.

एवारिस्तोनं काचेजवळ येऊन पाहिलं. मग म्हणाला, "आई, आता दिसतंय ना, पैसे कुठं जातात ते?"  मटारवरून झालेल्या सगळ्या भांडणांचं ते उत्तर होतं. आईनं मान हलवली. हरली ती. मीही गाल ओढला मिंगाचा. थंड होता. सुखावले मी.

२ मार्च, शनिवार

पोर शहाणी झालीय. रडत नाही. बसवू तिथं बसते. चिप्स हातात दिले तर हातातच राहतात. आई म्हणते, असं गुणी पोर घरात दुसरं झालं नाही. तुम्ही दोघं किती रडायचात!

चालायची. आता उचला म्हणून हातही करत नाही.

६ मार्च, बुधवार

राखेचा बुधवार. चर्चला जायचं म्हणून मी मिंगाच्या पायात चपला घालत होते. पट्टा बसेना. अंगठ्यानं पाय दाबून आत सरकवला. बोट काढलं, खळगा तसाच राहिला.

परत दाबलं. दुसरा खळगा. दोन्ही राहिले. ओल्या मातीत बोट रुतावं तसे.

मला माहीत आहे हे काय असतं. शिक्षकांच्या प्रशिक्षणात भिंतीवर चित्र लावून दाखवलं होतं. चित्रातलं पोर दुसऱ्या खंडातलं होतं. पोट सुटलेलं, केस तांबूस, खाली लिहिलेलं — हे बाळसं नव्हे, ही सूज. आम्ही लिहून घेतलं होतं. परीक्षेत आलंही होतं.

चर्चला गेलेच नाही.

७ मार्च, गुरुवार

ओदिलियाला सांगितलं. शेडमधून आली होती, हात हिरवे.

"सूज मार लागल्यावर येते, ताई. हिला कुणी मारलंय?"

"हिला दूध पाहिजे. अंडी, घेवडा. नुसत्या कॉफीवर —"

"मी काय उपाशी ठेवते हिला? सगळं गाव म्हणतंय भरली. तूच म्हणालीस. आता बघवत नाही का तुला? स्वतःचं —"

थांबली. पुढचं बोलली नाही. मी ऐकलं तरी.

आईचं वेगळंच. इतक्या जणींनी गाल ओढले, दृष्ट लागली. दुकानातून अंडं आणलं. पोरीच्या डोक्यापासून पायापर्यंत फिरवलं, पुटपुटत. मग पेल्यातल्या पाण्यात फोडलं. पिवळा बलक, वर पांढरे धागे. "हे बघ डोळे," आई म्हणाली. पेला घळीत ओतून आली.

घरात कित्येक दिवसांनी आलेलं अंडं होतं ते.

११ मार्च, सोमवार

शाळेला दांडी मारून आरोग्य केंद्रात नेलं. ओदिलिया आली, पण बोलत नव्हती. नर्स आपल्याच बोलीत बोलणारी. तिनं वजन केलं, काट्याकडे बघितलंही नाही. पाय दाबला, पापणी खाली ओढली. "आजच शहरात न्या. मोठ्या दवाखान्यात. मी गाडीला फोन करते."

ओदिलिया म्हणाली, "त्यांना विचारावं लागेल."

"कुणाला?"

"हिच्या बापाला."

तो छपरावर. छपरावर असताना फोन खाली ठेवतात, घसरू नये म्हणून. तिकडची संध्याकाळ व्हायला हवी. नवऱ्याच्या शब्दाशिवाय पोर दवाखान्यात टाकली आणि काही झालं तर दोष बाईचा. ओदिलियानं तसं म्हटलं नाही. म्हणायची गरज नव्हती. नर्सनंही वाद घातला नाही. तिलाही हे माहीत. गाडी परत पाठवली.

संध्याकाळी तो ओरडला, "विचारताय काय? न्या!"

म्हणजे आजचा दिवस वाया.

१२ मार्च, मंगळवार

पहाटेच्या बसनं शहर. दाखल केलं. नळीतून थेंब थेंब दूध. शेजारच्या खाटेवर एक पोर, नुसती हाडं. त्याची आई कॉफीच्या मळ्यावरची, अंगावरचं पोलकं फाटलेलं. तिनं मिंगाकडे पाहिलं, ओदिलियाकडे पाहिलं.

"नवरा उत्तरेत का?"

"हो."

"वाटलंच. तुमची निदान बघायला तरी बरी आहे."

ओदिलियाला काय वाटलं कळलं नाही. खाण्याचा डबा उघडून तिनं त्या बाईला पाव दिला.

डॉक्टर तरुण आहे. घराची कमाई काय, विचारलं. मी सांगितलं, भावाचे डॉलर, शेताचा खंड, भावजयीची मजुरी, माझा पगार. त्यानं लिहिणं थांबवलं. "आणि शेतात काय पिकतं?"

"मटार."

"खाता?"

मी नाही म्हणाले. त्यानं तेही लिहून घेतलं.

संध्याकाळी मी एकटी परत. उद्या शाळा.

१६ मार्च, शनिवार

आज गेले. ओळखलीच नाही!

सूज उतरली. आत होतं ते बाहेर आलं. कोपरं, गुडघे, फासळ्या. कातडी सैल, सालीसारखी. पण रडत होती. मोठ्यानं! मी हात पुढं केला तर मारला तिनं. नर्स हसली, "रडतेय ना? मग जगेल. रडू द्या." चमच्यानं दूध पाजलं, ते प्याली आणि चमचा चावून धरला.

ओदिलिया कोपऱ्यात. डोळे सुजलेले.

"बघितलंस?" माझ्या कानाशी येऊन म्हणाली. "आणली तेव्हा कशी होती? इथं उपाशी मारतायत हिला."

"अगं, ते पाणी होतं. पाणी उतरलं."

"ताई, पाच दिवसांत गाल गेले हिचे. पाण्याचे गाल असतात का कुणाला?"

डॉक्टरला बोलावलं. त्यानं समजावलं. स्पॅनिशमध्ये, सावकाश. मी आपल्या भाषेत सांगितलं. तिनं दोन्हीला मान हलवली. मान हलवते तेव्हा ती ऐकत नसते.

१७ मार्च, रविवार

मी शहरातच राहिले. फोनची वेळ झाली. मी म्हणाले, आज तिला दाखवू नकोस त्याला, नुसतं बोल. ओदिलिया म्हणाली, "बाप आहे तो."

तिनं मिंगाला उचलून काचेसमोर धरलं.

काचेत एकदम नुसतं छत दिसलं. वाटलं, फोन पडला त्याच्या हातून.

"हे काय केलंत?" मग ओरडला. "काय केलंत तिचं? तीन आठवड्यांपूर्वी मी पाहिलीय तिला!"

मी फोन घेतला. सांगितलं — सूज, पाणी, दूध, डॉक्टर. आता ती सुधारतेय. रडतेय. रडणं चांगलं.

"ताई, तू मला शिकवू नकोस. डोळे आहेत मला. घरी आणा तिला. आजच्या आज."

"एवारिस्तो, एक आठवडा फक्त —"

"मुलगी माझी आहे. पैसे मी पाठवतो. तू मध्ये पडू नकोस."

लहानपणी माझ्या झोळीत फिरायचा हा. पाठीवर लघवी करायचा.

डॉक्टरनं सहीसाठी कागद पुढं केला. ओदिलियाला लिहिता येत नाही, अंगठा उमटवला. शेंगदाण्याच्या औषधी लगद्याची पाकिटं दिली त्यानं पिशवी भरून. दुसरं काही देऊ नका, हळूहळू द्या, आठवड्यानं दाखवायला या. ओदिलियानं मान हलवली.

बसमध्ये मिंगा माझ्या मांडीवर. खिडकीबाहेर बोट दाखवून काहीतरी म्हणाली. काय ते कळलं नाही. बोलली, एवढं खरं.

२० मार्च, बुधवार

घरभर माणसं. एवारिस्तोनं जास्तीचे पैसे पाठवले, खास तिच्यासाठी. आईनं अख्खी कोंबडी आणून रस्सा केला, वर तवंग. क्रेसेन्सियानं नूडल्सचा कप आणला. कुणी कोल्ड्रिंक, कुणी केक. "खा माझे आई, खा, वाळलीस गं," असं म्हणत जो तो भरवतोय. पोर खातेय! अधाशासारखी. सगळे टाळ्या वाजवतात.

मी म्हणाले, पाकिटातलं द्या, फक्त ते. आईनं चाटून बघितलं. "हे पोटात माती बसल्यासारखं होतं. आजारी माणसाला रस्सा लागतो. तुझ्या पुस्तकात नसेल."

पाकिटं तिनं फेकली नाहीत. फळीवर नीट रचून ठेवली.

२३ मार्च, शनिवार

जुलाब. कालपासून. पाण्यासारखे. हात-पाय गार. ओदिलिया आज शेडला गेली नाही.

२५ मार्च, सोमवार

मी म्हणाले, गाडी आणते, शहरात नेऊ. या वेळी कुणाला विचारायचं नाही. ओदिलिया उठली, झोळी बांधली. आई दारात उभी राहिली. "परत तिथंच? जिथं वाळवली तिथं?" ओदिलिया बसली. मग परत उठली. मी धावत खाली रस्त्याला. पिकअप सगळे शेंगा भरून गेलेले. जो भेटला तो म्हणाला, माल उतरवून येतो. उशिरा आला. घाटात वळणावर दरड, एकेक गाडी सोडत होते. अंधार पडला तेव्हा आम्ही माघारी फिरलो. ओदिलियाच म्हणाली फिरा. पोरीला वारा लागतोय म्हणाली.

२६ मार्च, मंगळवार

मिंगा गेली. सकाळी, पहिली भाकरी तव्यावर पडायच्या आधी.

२८ मार्च, गुरुवार

पुरलं काल. पांढरी पेटी, तिच्यापेक्षा मोठी. लहान मिळाली नाही. रिकाम्या जागेत ओदिलियानं कपडे कोंबले, हलू नये म्हणून.

विटांच्या ढिगाशेजारून नेली. वाट तिथूनच आहे.

आज आईनं दोघींना चुलीपाशी बसवलं. "त्याला कळवायचं नाही."

मी म्हणाले, "बाप आहे तो." ओदिलियाचे शब्द होते ते, नंतर लक्षात आलं.

"घरी आणा कुणी म्हणालं?" आई म्हणाली. "त्यानंच ना? हे त्याच्या डोक्यात घालायचं आणि वर छपरावर चढ म्हणायचं? एक गेलं. दुसरं घालवू?"

"किती दिवस लपवणार?"

"तो खाली उतरेल तोवर."

ओदिलिया चुलीत बघत होती. "मी सांगेन झोपलीय म्हणून," ती म्हणाली. "रविवारी त्या वेळेला ती झोपायचीच की."

माझ्याकडे दोघी बघत राहिल्या. मी हो म्हणाले. गावाला सांगायचं काम माझ्याकडे आलं. ज्यांच्या घरची माणसं तिकडे आहेत त्यांना जाऊन सांगायचं, फोनवर बोलू नका. गेले. सगळ्यांनी मान हलवली. कुणाला नवल वाटलं नाही. क्रेसेन्सिया तर म्हणाली, "आम्ही सासऱ्यांचं दीड वर्ष सांगितलं नव्हतं."

३१ मार्च, रविवार

फोन. ओदिलिया म्हणाली, झोपलीय. आवाज सरळ ठेवला. मला वाटलं, आता म्हणेल, झोपलेली दाखव. तसं म्हणाला नाही. मक्याचा भाव विचारला. भिंती कुठवर आल्या विचारलं. सुटलो!

७ एप्रिल, रविवार

झोपलीय.

१३ एप्रिल, शनिवार

पगार आला. सगळ्या महिन्यांचा एकदम.

१४ एप्रिल, रविवार

आज ओदिलियानं एकदम सांगितलं, "थोडी भरलीय परत." मी चमकले. असं सांगायचं ठरलं नव्हतं. तो म्हणाला, "बरं." फोन ठेवल्यावर मी बघितलं तिच्याकडे. ती म्हणाली, "काहीतरी चांगलं सांगावंसं वाटलं."

शेडमध्ये तिला बढती मिळालीय. आता सरळ शेंगांच्या पेटीवर.

२९ एप्रिल, सोमवार

आई मुकादमाकडे गेली. या पावसाळ्यात शेत परत द्या, मका लावायचाय. मी बरोबर होते. गेराल्दोनं खुर्ची दिली, कॉफी दिली. मिंगाबद्दल वाईट वाटल्याचं सांगितलं, खरंच वाटलं असावं. मग म्हणाला, "नान, करार तीन वर्षांचा आहे. तुमच्या मुलानं फोनवर ठरवलंय. मोडला तर आगाऊ दिलेलं परत लागेल."

"आगाऊ कुठाय?"

"भिंतीत," तो म्हणाला. चेष्टा म्हणून नाही. साधं सांगितलं.

येताना आई शेताच्या बांधावर थांबली. नवं औषध मारलं होतं. वास येत होता. ती म्हणाली, "तिला मी कॉफी दिली." मी म्हणाले, आई, चल. "गोड असायची, म्हणून प्यायची ती." मी म्हणाले, चल आता.

५ मे, रविवार

झोपलीय.

मुलांना वर्गात विचारलं, काल काय खाल्लं? सगळ्यांनी मांस सांगितलं. सगळ्यांनी. खोटं बोलायला सगळे आपापले शिकतात. हे शुक्रवारचं. लिहायचं राहिलं होतं.

भिंती खिडकीपर्यंत आल्या.

१२ मे, रविवार

ओदिलिया आणि आई चर्चमधून आल्या नव्हत्या, फोन मी घेतला. त्यानं विचारायच्या आधीच म्हणाले, झोपलीय रे.

"माहीत आहे," तो म्हणाला. "पुरलंत त्याच आठवड्यात कळलं. त्या दोघींना सांगू नकोस."

 पलीकडे कुणीतरी हातोडा मारत होतं. थांबलं, परत सुरू झालं.

मग म्हणाला, "ताई, क्रॉसवर नाव पूर्ण लिहिलंत, की नुसतं मिंगा?"